ट्रेलरची लाकडी पेटी वारंवार उतरवायची असेल, तर जोडणीसाठी काय वापरावे?

पथकवाली

नमस्कार. आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव घोडबंदर रस्त्यालगत होतो. वाद्ये नेण्यासाठी आमच्याकडे ८ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असा लोखंडी चौकटीचा ट्रेलर आहे, जो आम्ही पिकअपच्या मागे जोडतो. एरवी तो उघडाच बरा पडतो, कारण मंडपाचे बांबू, पाण्याच्या टाक्या, ध्वजाच्या काठ्या असे लांबरुंद सामान त्यावरून जाते. गणेशोत्सवात मात्र पाऊस असतो आणि भिजलेले ढोल वाजत नाहीत. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही १२ मिलिमीटर प्लायच्या चार बाजू आणि एक छत अशी ४ फूट उंचीची पेटी करून घेतली. आतून दीड इंची लाकडी रिपांची चौकट आहे.

अडचण जोडणीची आहे. पहिल्या वर्षी सगळी पेटी लाकडाच्या स्क्रूंनी जोडली होती. उत्सव संपल्यावर उतरवली, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी पुन्हा चढवली आणि तिसऱ्या वेळेस निम्मे स्क्रू नुसतेच गरगर फिरू लागले. गेल्या वर्षी माजिवड्याच्या पुलावर मागच्या कोपऱ्यातली फळी सुटून हवेत फडफडली. मागे दुचाकीवाला होता. त्याला काही झाले नाही, परंतु त्या दिवसापासून मला या विषयाची झोप नाही.

पेटी वर्षातून चार ते सहा वेळा चढवावी-उतरवावी लागते आणि हे काम पथकातील मुले-मुलीच करतात, कोणी कारागीर नसतो. मी एम-१० चे, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचे, बोल्ट आणावेत असे ठरवत आहे. हे योग्य होईल का?

रबाळ्याची पाळी

ताई, आपण हा प्रश्न गांभीर्याने घेतला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी रबाळे औद्योगिक वसाहतीत जोडणी विभागात काम करतो.

बोल्ट जाड घेतल्याने आपली अडचण सुटणार नाही, कारण आपल्या पेटीत बोल्ट हा कच्चा दुवा नाहीच. एम-८ च्या साध्या ४.६ दर्जाच्या बोल्टचे ताण घेणारे क्षेत्रफळ सुमारे ३६.६ चौरस मिलिमीटर असते आणि तो तुटायला साधारण १४,००० न्यूटन, म्हणजे जवळपास दीड टन ओढ लागते. आता आपल्या पेटीवर किती जोर येतो ते पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३०० न्यूटन होतो. आपली पुढची फळी साधारण १.७ चौरस मीटरची आहे, म्हणजे तिच्यावर ५० किलोंच्या आसपास जोर येईल, आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर तो ९५ किलोंच्या घरात जाईल. हा सगळा जोर एका बोल्टवर आला तरी बोल्ट हसत पेलेल. लाकूड पेलणार नाही.

एम-८ च्या साध्या वॉशरचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर असतो. भोक वजा केल्यावर लाकडावर टेकायला जेमतेम १४५ चौरस मिलिमीटर जागा उरते. त्याऐवजी २४ मिलिमीटरचा रुंद वॉशर घेतला तर जागा ४०० च्या जवळ जाते, आणि ५० मिलिमीटर चौरस, ३ मिलिमीटर जाड पट्टी पाठीला लावली तर २,४०० च्या वर. तेरा नंबरच्या पान्याने एखाद्या दांडग्या मुलाने जोर लावून आवळले की साध्या वॉशरखालचे लाकूड चिरडले जाते, आणि आपण घट्ट केले असे समजून घरी जातो. म्हणून माझे मत असे की, एम-८ पुरेसा आहे, तो रुंद वॉशर किंवा पट्टीसह घ्यावा आणि वाचलेले पैसे बोल्टच्या धातूवर खर्च करावेत.

फाळका

मी कळंबोलीत मालवाहू गाड्यांच्या बॉडीची कामे करतो. वरील सदस्यांशी सहमत आहे, परंतु मला मुळातच बोल्ट नको वाटतात. ट्रकचा फाळका, म्हणजे उघडणारी मागची फळी, दिवसातून दहादा उघडतो आणि त्याला कोणी पाना लावत नाही. पथकातली मुले रात्री दहा वाजता मिरवणुकीहून परतल्यावर पावसात सोळा नट शोधत बसणार का? त्यांतले दोन चिखलात पडतील आणि दुसऱ्या दिवशी चौदावर पेटी चालवली जाईल. हे मी कित्येक टेंपोंत पाहिले आहे.

टॉगल लॅच वापरावेत, म्हणजे मोठ्या पत्र्याच्या पेटीला असतात तसे, कडीत अडकवून दांडी दाबली की ताणून बसणारे. कोपऱ्याला दोन, असे एकूण आठ, आणि छताला चार. त्यात ताण कमी-जास्त करता येणारा आटे असलेला प्रकार मिळतो, तोच घ्यावा, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि ठरावीक लांबीचा लॅच मग बसतच नाही.

रबाळ्याची पाळी

दादा, लॅचची कल्पना मला मान्य आहे, पण दोन अटींवर. पहिली अशी की, दांडीला सुरक्षा खटका किंवा पिन घालायला भोक असलेलाच लॅच घ्यावा. साधा लॅच खड्ड्यांच्या रस्त्यावर धक्क्याने आपोआप उघडू शकतो आणि घोडबंदर रस्त्याविषयी मी वेगळे काही सांगायला नको. दुसरी अट अशी की, तो लॅच प्लायला लाकडाच्या स्क्रूंनी बसवू नये. ताईंची मूळ अडचण तीच होती. १२ मिलिमीटर प्लायमध्ये स्क्रूला पकडायला फार थोडे लाकूड मिळते आणि लॅचचा ओढा सतत असतो. लॅचच्या प्रत्येक भोकातून एम-५ किंवा एम-६ चा बोल्ट आरपार घालून आतून पट्टी आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असल्यामुळे सहज सैल न होणारा नट, लावावा. हे बोल्ट कधीच काढायचे नाहीत, म्हणून येथे नायलॉक योग्य आहे. जो नट वारंवार काढायचा आहे, तेथे नायलॉक लावू नये, कारण प्रत्येक वेळी नायलॉनची कडी झिजते आणि काही फेऱ्यांनंतर तो साध्या नटासारखा होतो.

खाडीवारा

मी ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो, म्हणून गंजाविषयी थोडे लिहितो. आमच्याकडे सायकलची साखळीसुद्धा वर्षभरात तपकिरी होते. पिवळसर किंवा चंदेरी झळाळी असलेले बाजारातले जस्तविलेपित बोल्ट दिसायला छान असतात, परंतु त्यांच्यावरचा जस्ताचा थर अवघा ५ ते ८ मायक्रॉनचा असतो. खाऱ्या हवेत तो टिकत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या बोल्टवर थर कितीतरी जाड, साधारण ४० मायक्रॉनच्या वर असतो आणि तो अनेक वर्षे काढतो. त्याचा रंग राखाडी, खरबरीत असतो. मात्र त्याचे नट त्याच्याच जोडीचे घ्यावे लागतात, कारण जाड थरासाठी नटाचे आटे सैल कापलेले असतात. दुसरा नट त्यावर चढत नाही.

स्टेनलेस घेणार असाल तर सावध राहावे. मी एका दुकानातून ‘३०४’ या स्टेनलेसच्या प्रकारातले म्हणून घेतलेले बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात डागाळले. ते बहुधा २०२ असावेत, ज्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते. चुंबक लावून हे ओळखता येत नाही, कारण दोन्ही प्रकार चुंबकाला जवळजवळ सारखेच वागतात. बोल्टच्या डोक्यावर ‘ए२-७०’ असे कोरलेले असेल तर तो ३०४ च्या घराण्यातला असतो आणि ‘ए४’ म्हणजे ३१६, ज्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे मिठाला तो अधिक तोंड देतो. कोरलेली खूण पाहूनच घ्यावे, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

कळव्याचा सुतार

सगळ्यांचे वाचले. लोखंडावर बरेच बोलणे झाले, आता लाकडाच्या बाजूने बोलतो. चाळीस वर्षे रंधा चालवला आहे.

पेटी सुटण्याचे कारण खिळ्या-बोल्टांत नसून सांध्यात आहे. ताई, तुमच्या पेटीत फळ्या ट्रेलरवर नुसत्या उभ्या ठेवून त्यांना स्क्रूंनी धरले आहे. म्हणजे गाडी वळली, खड्ड्यात आदळली, ब्रेक लागला, की फळी सरकू पाहते आणि तिला अडवण्याचे काम त्या बिचाऱ्या स्क्रूवर येते. सुतार असे कधी करत नाही. आपण कुसू आणि साल, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवणारा सांधा, करतो ते कशासाठी? भार सांध्याने घ्यायचा आणि खुंटीने फक्त सांधा सुटू द्यायचा नाही. जुन्या बैलगाडीला बाजूच्या फळ्या लावायच्या, तर खालच्या भोकांत खुंट उभे करत. धान्य भरायचे असेल तेव्हा लावायच्या, गवत भरायचे असेल तेव्हा काढायच्या. तुमच्या ट्रेलरला तेच हवे आहे.

बाजूच्या फळीच्या आतल्या दोन उभ्या रिपांऐवजी ४० मिलिमीटर चौरस सागाचे दोन खांब घ्यावेत आणि ते फळीच्या खाली ६ इंच उतरू द्यावेत. ट्रेलरच्या चौकटीला ५० मिलिमीटर चौरस, ३ मिलिमीटर जाड नळीचे तुकडे वेल्डिंग करून खिसे करावेत. आतली मोकळी जागा ४४ मिलिमीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर सैल. हे सैल असणे आवश्यक आहे, कारण श्रावणात लाकूड फुगले की घट्ट बसवलेला खांब पुन्हा बाहेर निघणार नाही. आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. खिशाचा तळ उघडा ठेवा. तळ बंद केला तर पाणी साचेल आणि दोन पावसाळ्यांत सागसुद्धा कुजेल.

खांबाच्या खालच्या टोकातून आडवी पिन घालून तिला आर क्लिप, म्हणजे पिन निसटू न देणारी तारेची चाप, लावली, की फळी वर उचलली जाणार नाही. एवढे केल्यावर कोपऱ्यांत लॅच लावा नाहीतर बोल्ट लावा, दोन्ही चालेल.

रबाळ्याची पाळी

काकांनी जे लिहिले आहे, त्याला यंत्रशास्त्राचाही आधार आहे. जर्मनीतील गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, बोल्ट सैल होण्याचे मुख्य कारण त्याच्या लांबीच्या दिशेचा ओढा नसून जोडलेल्या भागांचे आडवे सरकणे हे आहे. दोन भाग एकमेकांवर पुढे-मागे घसरू लागले की आट्यांमधील घर्षण नाहीसे होते आणि नट स्वतःहून उलटा फिरतो. अशा आडव्या हालचालीत स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगी पडत नाही, हेही नंतरच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. लोखंडात आपण घट्ट आवळून हे सरकणे थांबवतो. लाकडात आवळण्याला मर्यादा आहे आणि आवळलेले टिकतही नाही, कारण ओल्या हवेत फुगलेले लाकूड वॉशरखाली दबते, आणि कार्तिकात सुकले की तेवढी फट राहते. म्हणून आडवे सरकणे खिशांनीच अडवले पाहिजे. मी सुरुवातीला वॉशरच्या मापात अडकलो होतो, काकांनी मुद्दा मुळापाशी नेला.

पथकवाली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. खिसे करायचे हे निश्चित केले. आता छताविषयी विचारते. छत वजनाने ३० ते ३५ किलो आहे आणि आजपर्यंत ते चार स्क्रूंवर ठेवलेले होते. वजनामुळे ते बसूनच राहील, अशी आमची समजूत होती.

रबाळ्याची पाळी

ताई, ही समजूत धोक्याची आहे. छत पडण्याची भीती नसते, उडण्याची असते. वारा पुढच्या कडेवरून उसळून वर जातो तेव्हा छतावर ओढ निर्माण होते. आपले छत साधारण ३.३ चौरस मीटरचे आहे. वाईटात वाईट धरले, तर ताशी ८० किलोमीटरला ही वरची ओढ १०० किलोपर्यंत जाऊ शकते, म्हणजे छताच्या स्वतःच्या वजनाच्या तिप्पट. समोरून अवजड ट्रक गेला की तो झटका वेगळाच. छताला खाली ओढून धरणारे काहीतरी हवेच, आणि ते चारही कोपऱ्यांवर हवे.

फाळका

छताला सर्व बाजूंनी दोन इंचांची खाली उतरणारी कड करावी, डब्याच्या झाकणासारखी. त्यामुळे ते आडवे सरकत नाही आणि पाणीही आत जात नाही. मग चार लॅच वरून खाली ओढणारे. त्याशिवाय मी एक गोष्ट नेहमी करतो. मालाचा पट्टा, म्हणजे रॅचेट असलेला, छतावरून घेऊन ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला दोन ठिकाणी आवळतो. लॅच विसरला तरी पट्टा धरतो.

ढोलांबद्दलही सांगतो. ते फळीला टेकवून ठेवू नका. चोवीस ढोल प्रत्येकी १० किलो धरले तर २४० किलो होतात. जोरात ब्रेक लागल्यावर त्यांच्या निम्म्या वजनाएवढा जोर सहज पुढच्या फळीवर येतो. ढोल पट्ट्याने ट्रेलरच्या चौकटीला बांधावेत. पेटीचे काम पावसापासून वाचवण्याचे आहे, माल रोखण्याचे नाही.

खाडीवारा

ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोंच्या आतल्या वर्गातले असेल तर पेटीचे वजनही त्यात धरावे. चार बाजू आणि छत मिळून आपली पेटी १३० किलोंच्या आसपास जाईल. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. खिसे वेल्डिंग करण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात एकदा लेखी विचारून घेतलेले बरे.

पथकवाली

विचारून घेते. आणखी एक शंका आहे. मागची फळी आम्हाला दाराप्रमाणे उघडायची नसून पूर्ण काढायची असते आणि तेथे लॅच लावायला बाहेर जागा नाही, कारण दिव्यांची पट्टी आहे. तेथे बोल्टच लागतील. कॅरेज बोल्ट चालेल का? गोल डोके बाहेर राहिले तर कोणाला बाहेरून खोलता येणार नाही, असा विचार आहे.

कळव्याचा सुतार

कॅरेज बोल्टच्या डोक्याखालचा चौकोनी गळा लाकडात रुतून बसतो, त्यावरच त्याचे न फिरणे अवलंबून असते. एकदा ठोकून बसवला आणि तसाच ठेवला तर उत्तम. पण तुम्ही दर वेळी तो काढणार असाल तर चौकोनी भोक गोल होईल आणि मग नट सोडवताना बोल्ट जागच्या जागी फिरेल. त्याला पकडायला डोक्यावर काहीच नसते, शेवटी कापावा लागतो. माझ्यावर हा प्रसंग आला आहे. यावर उपाय असा की, लोखंडी पट्टीत चौकोनी भोक पाडून ती फळीवर कायमची बसवावी, म्हणजे गळा लोखंडात अडकेल.

रबाळ्याची पाळी

दुसरा पर्याय टी-नटचा आहे, ज्याला सपाट कड आणि दाते असतात. तो खांबात ठोकायचा आणि बाहेरून हाताने फिरवता येईल अशा मुठीचा एम-८ बोल्ट घालायचा, म्हणजे पाना लागत नाही आणि हाताच्या जोरात लाकूड चिरडतही नाही. मात्र टी-नट बोल्ट आत शिरतो त्याच्या पलीकडच्या बाजूने ठोकावा, म्हणजे आवळताना तो लाकडात अधिक रुततो. अलीकडच्या बाजूला बसवला तर आवळताना तोच उपटून येतो. ही चूक फार लोक करतात. आटे असलेला पितळी इन्सर्ट, म्हणजे लाकडात बसवायची नळी, बसवायचा असेल तर तो १२ मिलिमीटर प्लायमध्ये बसवू नये, ४० मिलिमीटर खांबातच, थोडे इपॉक्सी लावून बसवावा.

आणि स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट असेल तर आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय कधीही फिरवू नये. दोन्ही बाजूंचा धातू एकमेकांना चिकटून आटे जाम होतात, विशेषतः बॅटरीच्या ड्रिलने भरभर आवळताना. तसा जाम झालेला नट मग ना पुढे जातो ना मागे.

चोरीची काळजी असेल तर मुठीचा बोल्ट बाहेर नको. पट्टीत अडकवलेला कॅरेज बोल्ट बाहेरून आणि मुठीचा नट आतून, असे करावे. आत जायला बाजूच्या फळीतली छोटी झडप असेलच.

पथकवाली

झडप आहे, तिला कुलूपही आहे. तसेच करते.

(तीन आठवड्यांनंतर)

कळवायला उशीर झाला. परिवहन कार्यालयात विचारून खिसे बसवून घेतले, बाजूला सहा आणि पुढे-मागे चार. काकांनी सांगितल्याप्रमाणे तळ उघडे ठेवले. लॅच सुरक्षा खटक्याचे घेतले, आतून पट्टी लावून आरपार बोल्टवर बसवले. मागच्या फळीला चार कॅरेज बोल्ट, जस्तात बुडवलेले, त्यांच्याच जोडीच्या नटांवर मुठी बसवून. छताला कड, चार लॅच आणि वरून दोन पट्टे.

रविवारी पहाटे रिकामी पेटी कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत नेऊन परत आणली आणि मग वाद्ये भरून पुन्हा एक फेरी केली. दर फेरीनंतर प्रत्येक जोडणी हाताने तपासली. दोन लॅचचा ताण अर्धा वेढा वाढवावा लागला, बाकी काहीही हलले नाही. पूर्वी पेटी चढवायला दीड तास आणि तीन पाने लागत. काल पथकातल्या चार मुलींनी ती बावीस मिनिटांत चढवली. फळीला छोटी पिशवी बांधून तिच्यात पिना, आर क्लिपा आणि दोन जादा नट ठेवले आहेत.

एकच विचारायचे राहिले. खांबांची खालची टोके आणि पिनेची भोके उघड्या लाकडाची आहेत. त्यांना काय लावू?

कळव्याचा सुतार

टोकाच्या उघड्या धमन्यांतून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते, म्हणून तेथेच सर्वांत जास्त द्यावे. पूर्ण कोरडे असताना पातळ इपॉक्सीचे दोन हात, पहिला शोषला गेल्यावर दुसरा. पिनेच्या भोकातही कापसाच्या बोळ्याने आत फिरवा आणि वाळल्यावर पिन सहज जाते का पाहा, नाहीतर तेवढ्याच मापाचा ड्रिल हाताने फिरवून घ्या. हे आता लगेच करा, आषाढ लागल्यावर लाकूड कोरडे मिळणार नाही.